चव्वेचाळीसशेचा भाव, त्र्याहत्तरशेचं घर: नाशिकमध्ये फ्लॅटचा खरा दर कसा काढायचा

पाथर्डी फाटा असो की आडगाव नाका, साइट ऑफिसमध्ये बसलात की पाण्याच्या ग्लासाआधी दराचा आकडा समोर येतो. ‘चव्वेचाळीसशे चाललंय साहेब. गंगापूर रोडला एवढ्यात काय मिळतंय?’ गंगापूर रोडचं पुढे बघू. आधी एवढंच विचारायचं, की चव्वेचाळीसशे नक्की कशाचे?

फूट तीन जातीचे असतात. कार्पेट म्हणजे घरात जिथे प्रत्यक्ष पाय ठेवता येतो ती जागा. बिल्टअप म्हणजे त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मिळवलेली. आणि सेलेबल किंवा सुपर बिल्टअप म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेज, गच्चीवरचं गार्डन, सगळ्याचा थोडा थोडा वाटा तुमच्या नावावर टाकून फुगवलेला आकडा. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या विक्री-व्यवहारावर लक्ष ठेवणारा कायदा, १ मे २०१७ पासून पुरता लागू झाला, तेव्हापासून करारात कार्पेटच लिहावं लागतं. तोंडी भाव मात्र अजून सेलेबलवर सांगायची सवय गेलेली नाही.

हिशेबापुरतं एक उदाहरण घेऊ. टू बीएचके, सेलेबल १,००० चौरस फूट, दर ४,४००. झाले ४४ लाख. करारात कार्पेट दिसतं ६५.०३ चौरस मीटर. याला १०.७६४ ने गुणा, ७०० चौरस फूट येतात. म्हणजे कार्पेटचा दर इथेच ६,२८६ झाला. मग पार्किंग, वीज मीटर, डेव्हलपमेंट चार्जेस असं करत वर दोन लाख. एकूण ४६ लाख. (उघड्यावरचं पार्किंग हा सामायिक जागेचा भाग आहे, ते विकता येत नाही. छताखालचं असेल तरच पैसे मागता येतात, आणि तेही करारात जागा दाखवून.)

आता जीएसटी. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो ५ टक्के, पण ‘परवडणाऱ्या’ घरावर फक्त १ टक्का. महानगरांच्या यादीत नाशिक नाही, त्यामुळे आपल्याकडे मर्यादा आहे ९० चौरस मीटर कार्पेट आणि ४५ लाख किंमत. बहुतेक टू बीएचके क्षेत्रफळात आरामात बसतात, अडतात किमतीत. या ४५ लाखांत पार्किंग आणि डेव्हलपमेंट चार्जेसही मोजले जातात. ‘फ्लॅट चव्वेचाळीसचाच आहे, एक टक्क्यात बसेल’ असं कोणी म्हटलं तर वरचे दोन लाख तो विसरलेला असतो. आपलं उदाहरण ४६ वर गेलं, म्हणून जीएसटी लागला २,३०,०००. हेच सगळं मिळून ४५ लाखांवर बसवलं असतं तर लागले असते ४५,०००. बिल्डरने एक लाख सोडले की तुमचे २,८५,००० वाचतात. नाशिकच्या ४५ ते ४८ लाखांच्या पट्ट्यात घासाघीस करण्याची याहून चांगली जागा नाही. फुकट मॉड्युलर किचन, सोन्याचं नाणं या गोष्टी त्यापुढे किरकोळ आहेत. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटवर आणि रिसेलवर जीएसटी नसतो.

मुद्रांक शुल्क नाशिक महापालिका हद्दीत ६ टक्के. त्यात ५ मूळ आणि १ स्थानिक संस्था कर. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नवरा-बायको दोघांची नावं टाकली की सवलत गेली. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. आपल्या उदाहरणात दोघांच्या नावावर २,७६,००० अधिक ३०,०००.

बेरीज ५१,३६,०००. भागिले ७००. दर पडला ७,३३७ रुपये. चव्वेचाळीसशेपासून निघालेला आकडा इथे येऊन थांबतो, आणि यात वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, फर्निचर काहीच धरलेलं नाही.

याचा दुसरा चटका कर्जात बसतो. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. ४६ लाखांवर ३६.८० लाख मिळाले, तर स्वतःच्या खिशातून जवळपास साडेचौदा लाख. ‘फक्त दहा टक्के भरा’ या फलकावर विश्वास ठेवून एफडी मोडणाऱ्यांचं गाडं ऐन करारनाम्याच्या वेळी अडतं ते इथेच. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारीही घेणाऱ्याची असते. तो विसरला तर व्याज आणि विलंब शुल्काची नोटीस बिल्डरला नाही, तुम्हाला येते.

शेजारच्याने किती दिले?

भाव सांगतात तो वेगळा आणि प्रत्यक्ष ठरतो तो वेगळा. ठरलेला भाव सरकारच्या नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर फुकट दिसतो. ‘ई-सर्च’मध्ये गेलं की प्रत्येक नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती उघडते. तिच्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, मजला आणि तारीख असते.

पहिल्यांदा शोधणारे हमखास एका जागी अडखळतात. साइट मागते मौजा, म्हणजे गावाचं नाव, आणि आपण टाकतो वसाहतीचं. जेलरोडचा फ्लॅट दसक किंवा पंचकच्या खाली सापडतो. सिडकोतली मिळकत मोरवाडी, कामटवाडे किंवा अंबडखाली. मौजा आणि सर्व्हे किंवा गट नंबर महारेराच्या (रेरा कायद्याचं राज्यातलं प्राधिकरण) वेबसाइटवर प्रकल्प पानावर असतो, तो तसाच उचलायचा. मग चालू आणि मागचं वर्ष टाकून त्याच इमारतीचे चार-पाच दस्त काढा आणि मोबदल्याला कार्पेटने भागा. तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट सहा महिन्यांपूर्वी कितीला गेला हे कागदावर घेऊन बसलात की बोलणीचा सूर बदलतो.

मोबदला म्हणजे कमीत कमी तेवढे तरी दिलेच, असं समजायचं. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या नव्या फ्लॅटचा आकडा बहुधा खरा असतो. रिसेल आणि प्लॉटमध्ये ‘थोडं वरचं’ रोखीत दिलेलं असू शकतं. ते कुठेच दिसत नाही, आणि त्यावर कर्जही मिळत नाही.

‘बाजारभाव’ या रकान्यात असतो तो रेडी रेकनरचा दर. सरकार तो १ एप्रिलला जाहीर करतं. दोन वर्षं तो होता तसाच ठेवला होता, मग १ एप्रिल २०२५ ला नाशिक महापालिका क्षेत्रात सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढला. करारातली किंमत आणि रेकनर यात जी जास्त, तिच्यावर मुद्रांक लागतो. म्हणून कुणी रेकनरपेक्षा बरंच स्वस्त देतोय असं वाटलं तरी मुद्रांक काही स्वस्त होत नाही. उलट तफावत १० टक्क्यांच्या वर गेली तर फरकाची रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते.

कुठे काय

कॉलेज रोड, महात्मानगर, गंगापूर रोडचा अलीकडचा पट्टा हे नाशिकचं महाग टोक. शाळा, कॉलेजं, दवाखाने सगळं चालत्या अंतरावर आणि मोकळा प्लॉट जवळजवळ शिल्लक नाही. इथे नवं घर म्हणजे बहुधा जुनी तीन मजली इमारत पाडून उभी राहिलेली नवी इमारत. अशा रीडेव्हलपमेंटच्या प्रकल्पात एक गोष्ट आधी बघायची, जुन्या सगळ्या सभासदांनी नोंदणीकृत करार करून दिलेत का. एक जण जरी अडून बसला असेल तर बांधकाम रखडतं आणि तुमचा हप्ता चालूच राहतो.

गंगापूर रोडने आनंदवल्ली, सोमेश्वरकडे सरकलं की ‘रिव्हर व्ह्यू’ सुरू होतो. नाशिककर पूर मोजतो गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: गुडघ्याला लागला, छातीला लागला, बुडाला. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ ज्यांनी गोदाघाटावर पाहिलाय त्यांना नदीच्या व्ह्यूची किंमत वेगळी सांगायला नको. कागदावर यासाठी दोन रेषा आहेत. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवं बांधकाम होत नाही, निळ्या आणि लालच्या मध्ये अटींवर होतं. महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा घेतला की सर्व्हे नंबर कुठे पडतो ते दिसतं. फक्त गोदावरीच बघू नका. नासर्डी, वालदेवी, वाघाडी उन्हाळ्यात नाल्यासारख्या दिसतात आणि जुलै-ऑगस्टात पार्किंगमध्ये येतात. बेसमेंट पार्किंग असलेली साइट पावसाळ्यात एकदा बघून यावी, हे तर कोणत्याही भागाला लागू.

गोविंदनगर, तिडके कॉलनी आणि हायवेपलीकडचं इंदिरानगर हा मधला आणि सगळ्यात पसंतीचा थर. मुंबई नाका जवळ, जॉगिंग ट्रॅक, बाजारहाट हाताशी. किमतीत जे लिहिलेलं नसतं ते म्हणजे इंदिरानगरचा बोगदा, हायवेखालून पलीकडे जाणारा रस्ता. नकाशावर गोविंदनगर पलीकडच्या काठावर दिसतं, पण संध्याकाळी साडेसहाला ते अंतर गाडीत बसूनच मोजा. रविवारी सकाळी साइट दाखवायला नेणारे उगाच रविवार निवडत नाहीत. द्वारका, अशोका मार्ग, वडाळा या बाजूलाही हीच परीक्षा द्वारका सर्कलवर घ्यायची.

पाथर्डी फाट्याला नवे मोठे प्रकल्प भरपूर, अंबड एमआयडीसी शेजारी, मुंबईकडे निघायला सोयीचं. पुरवठा भरपूर म्हणून घासाघीसही भरपूर होते. इथे विचारायचे प्रश्न दोन. पाणी महापालिकेचं येतं की टँकरचं? ‘कनेक्शन मिळणार आहे’ हे उत्तर नव्हे. शेजारच्या, दोन वर्षांपूर्वी राहायला गेलेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, मार्च ते मे रोज किती टँकर येतात. तिथला मेन्टेनन्स किती हेही त्याच फेरीत कळतं, आणि दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. दुसरा प्रश्न वासाचा. पाथर्डीलाच महापालिकेचा खतप्रकल्प आहे. वारा कुठून वाहतो ते गच्चीवर उभं राहून कळतं, ब्रोशरमधून नाही.

सिडको, म्हणजे नवीन नाशिक, हे प्रकरणच वेगळं. सिडकोने सहा योजनांत वसवलेला हा भाग, मुळात लीजवर दिलेला. लीज कायम असेल तर विक्रीला सिडकोचा ना हरकत दाखला आणि हस्तांतर शुल्क लागतं. रो हाउस स्वस्त वाटतं, त्यावर दोन मजले चढलेलेही असतात. पण मंजूर नकाशात तळमजलाच असेल तर बँकेचा माणूस तेवढ्याचंच मूल्यांकन करतो. वरच्या मजल्यांचे पैसे मग रोखीने द्यावे लागतात, आणि उद्या नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येते.

नाशिकरोड, जेलरोड, उपनगर इथे रेल्वेमुळे मागणी टिकून राहते. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारा माणूस कॉलेज रोडला राहून रोज पहाटे शहर ओलांडत नाही. देवळाली कॅम्पात हवा छान, बंगले छान, पण कॅन्टोन्मेंट आणि लष्करी हद्दीजवळच्या बांधकामाला वेगळी ना हरकत लागते. ती बघितल्याशिवाय इसार नाही. पंचवटीच्या बाजूला आडगाव नाका, हिरावाडी, अमृतधाम वसलेले, तर म्हसरूळ आणि मखमलाबाद अजून पसरताहेत. तिथे रो हाउस आणि प्लॉट जास्त. कमी पैशांत जास्त जागा हवी असेल तर याच दिशेला बघावं, फक्त समोरचा डीपी रोड (शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) नकाशावर आहे की जमिनीवर हे जाऊन बघा. सातपूर, अशोकनगर, श्रमिकनगरला भाड्याला गिऱ्हाईक कायम मिळतं, कारण कारखाने शेजारी आहेत.

कपाटाची गोष्ट

नाशिकमध्ये ‘कपाट’ हा शब्द बांधकामवाल्यांसमोर काढला की चेहरे पडतात. मंजूर नकाशात कपाटाची आणि बाल्कनीची जागा एफएसआयमध्ये (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं तो आकडा) न धरता दाखवायची आणि बांधताना ती खोलीत ओढून घ्यायची, अशी रीत होती. साधारण दशकभरापूर्वी महापालिकेने मोजमाप कडक केलं आणि शेकडो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. अरुंद रस्त्यांवर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, चढवून ते बांधकाम नियमित करायलाही वाव नव्हता. लोक हप्ते भरत होते आणि घर कागदावर अपूर्ण.

डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे, मूळ एफएसआय १.१० आणि पुढचा वाढीव रस्त्याच्या रुंदीवर. ९ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत तो वाढीव मिळत नाही, म्हणून तिथल्या जुन्या इमारतीला रीडेव्हलपमेंटची आशा कमी आणि रिसेलचा भावही दबलेला. रिसेल बघताना समोरचा रस्ता टेपने मोजणं वेडेपणा वाटेल, पण पुढच्या वीस वर्षांची किंमत त्या टेपवर असते.

टेप घरातही लावा. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, त्यामुळे खोल्या मोजून बेरीज केली तर ती करारापेक्षा थोडी कमीच येईल. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती मात्र त्यात नसतात. ताबा घेताना कार्पेट करारापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी भरलं तर पैसे परत मागता येतात. मंजूर नकाशा हातात धरून बघा, नकाशात कपाट आहे तिथे भिंत आहे की खोली पुढे सरकलीय. ही मोजणी करायला अर्धा तास पुरतो.

पूर्णत्वाचा दाखला नसलेला तयार फ्लॅट ‘सगळे राहतायत की’ म्हणून गळ्यात मारला जातो. राहता येतं, पण नळजोडणी, घरपट्टीची आकारणी आणि पुढची विक्री तिन्हीकडे अडतं. घरपट्टीचंही विचारून ठेवा. १ एप्रिल २०१८ पासून नाशिकमध्ये नव्या मिळकतींची आकारणी चढ्या दराने सुरू झाली. शेजारच्या जुन्या इमारतीचं बिल बघून अंदाज बांधलात तर पहिल्या वर्षी धक्का बसेल.

फलकावरचं आणि जमिनीवरचं

‘समृद्धीपासून दहा मिनिटं’ हे वाक्य वाचलं की नकाशा उघडा. समृद्धी महामार्ग जिल्ह्यात सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यातून जातो, नाशिक शहरातून नाही. नाशिकच्या मेट्रो निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले, त्या बातमीवर विकलेले फ्लॅट आज रिसेलला आलेत. नाशिक-पुणे रेल्वेचा मार्ग नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीमुळे वादात अडकला. २०२७ च्या सिंहस्थामुळे रस्त्यांची कामं होतात हे खरं, पण तपोवन परिसरात साधुग्रामचं आरक्षणही आहे. त्या भागात प्लॉट ‘कुंभाआधीचा भाव’ म्हणून कोणी देत असेल तर झोन दाखला (जमीन कशासाठी राखलीय ते सांगणारा कागद) आधी, गप्पा नंतर. जाहीर झालेल्या प्रकल्पासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं आमचं साफ मत आहे. झाला तर फायदा, नाही झाला तर निदान भुर्दंड नाही.

प्लॉटमध्ये तीन कागद मागा: बिनशेतीचा आदेश, अंतिम मंजूर लेआउट आणि त्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा. ‘एनए होणारच आहे’ म्हणून गुंठ्याने विकलेल्या शेतजमिनीत सातबाऱ्यावर दहा-बारा नावं चढतात आणि हद्द कुणालाच दाखवता येत नाही. भाव कुणी वारात सांगतो, कुणी चौरस मीटरमध्ये. एक वार म्हणजे ९ चौरस फूट, एक गुंठा म्हणजे १,०८९.

फ्लॅटला महारेराचं पान उघडा. नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच प्रकल्पांचा क्रमांक पी ५१६ ने सुरू होतो. पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर बोजा आहे का, कोर्टात काही चालू आहे का, हे तिथे बिल्डरने स्वतः लिहून दिलेलं असतं. जागामालकाच्या वाट्याचा फ्लॅट थोडा स्वस्त मिळतो. वाईट नाही, पण विकसन करारात तोच फ्लॅट नंबर त्याच्या वाट्याला लिहिलाय का ते पाहून घ्या. जुन्या इमारतीत विचारा, सोसायटी आहे की अपार्टमेंट. नाशिकमध्ये अपार्टमेंट बरीच आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं, आणि विकणाऱ्याच्या नावावर ते झालेलंच नसलं तर मधली एक कडी तुटलेली आहे. सोसायटी असेल तर हस्तांतराचं प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, कमिटी काहीही म्हणो.

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडून काढा. बँक स्वतःचा काढते, पण तो बँकेच्या पैशांच्या काळजीने काढलेला असतो.

इसार देताना रक्कम लहान ठेवा आणि चेकनेच द्या. नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. पावतीवर फ्लॅट नंबर, रेरा कार्पेट चौरस मीटरमध्ये, सगळे चार्जेस धरून एकूण किंमत, जीएसटी एक टक्का की पाच, आणि कर्ज नामंजूर झालं तर इसार किती दिवसांत परत, एवढं लिहून घ्या. ‘ते करारात येईलच साहेब’ म्हणाले तर पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून द्या म्हणावं, आणि खाली सही-शिक्का.